उलटे आटे

माणसाचे मन एकदा घट्ट बसले म्हणजे ते सोडवण्यासाठी बळ वापरावे की धीर धरावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी पडतो. आपल्या धर्मग्रामांत अशी घरे विरळ नाहीत, की जिथे दोन भावांच्या अंगणांमध्ये एक कुंपण उभे आहे. एकाच आईची ही लेकरे चर्चमध्ये दोन निराळ्या बाजूंच्या बाकांवर बसतात आणि मिस्सामध्ये शांतीची खूण देण्याची वेळ आली, की दोघेही नेमके विरुद्ध दिशेला वळतात. या प्रश्नावर आम्ही पुष्कळ वाचले होते, प्रवचनेही ऐकली होती. परंतु त्याचे थोडेफार उत्तर आम्हाला मिळाले ते एका जुन्या मोटारगाडीच्या चाकापाशी बसून, हात काळे झाल्यावर. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गाडी होती विलीज स्टेशन वॅगन. रेल्वे स्थानकावर उतरलेली माणसे आणि त्यांचे सामानसुमान घरी आणणारी गाडी म्हणून या जातीच्या गाड्यांना हे नाव पडले. पूर्वी त्यांची शरीरे लाकडाची असत. १९४६ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स या रचनाकाराच्या आराखड्यावरून संपूर्ण पोलादी शरीराची स्टेशन वॅगन बाजारात आणली. जीपचेच नाक, जीपचाच सुमारे २.२ लिटरचा चार सिलिंडरांचा इंजिन-संच, आणि मागे घरभर माणसे मावतील एवढी जागा. वसईतल्या एका बागायतदाराने अशी एक वापरलेली गाडी १९६० नंतर विकत घेतली. त्या गाडीने केळीचे घड वाहिले, पानांच्या आणि फुलांच्या करंड्या वाहिल्या. आळीतल्या किती नवऱ्या मुली तिच्यातून चर्चच्या दारी उतरल्या आणि किती अडलेल्या बायका तिच्यातून मध्यरात्री इस्पितळात पोहोचल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

१९९८ साली ते बागायतदार वारले. त्यांच्या दोन मुलांत वाडीच्या वाटणीवरून बेबनाव झाला आणि प्रकरण कोर्टात गेले. विहिरीची पाळी ठरली, झाडे मोजली गेली, पण गाडी मात्र कुणाच्याच वाट्याला गेली नाही. नोंदणी वडिलांच्या नावावर होती आणि एकाने हात लावला तर दुसऱ्याची हरकत. ती पत्र्याच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. समुद्र तिथून फार दूर नाही. खारे वारे दिवसरात्र येत होते.

दोघेही भाऊ आमचे लहानपणापासूनचे सोबती. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. म्हणूनच की काय, त्यांच्यात समेट घडवून आणण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे आम्ही गृहीत धरले. २००४ साली नाताळच्या आठवडाभर आधी आम्ही दोघांनाही एकमेकांना न कळवता आमच्या घरी बोलावले, समोरासमोर उभे केले, सणाची आण घातली आणि धाकट्याचा हात धरून थोरल्याच्या हातात देऊ लागलो. 'हवी तर दोन गुंठे जागा थोरला जास्त सोडील, पण आता पुरे करा,' असेही आम्ही बोलून गेलो. थोरल्याने खरोखरच तशी तयारी दाखवली होती. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हात सोडवून घेतला आणि एक शब्दही न बोलता तो उठून गेला. पुढची तीन वर्षे त्याने आमच्याही घराची पायरी चढली नाही. आमचा हेतू शुद्ध होता, अशी आम्ही मनाची समजूत घालत होतो. चूक आपली असू शकेल, हे मात्र आमच्या मनाला शिवले नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत बदल केला आणि ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना जपणुकीसाठी वेगळी नोंदणी मिळू लागली. थोरल्याचा मुलगा यंत्रांत रमणारा. आजोबांची गाडी पुन्हा चालती करावी, असे त्याच्या मनाने घेतले. २०२३ च्या प्रायश्चित्तकाळात एके दिवशी तो आमच्याकडे आला. म्हणाला, 'मास्तर, कागदांवर काकांचीही सही लागेल. ते पुढचे पुढे बघू. आधी निदान चाके तरी फिरतात का, ते पाहू या.' आम्हाला यंत्रातले फारसे कळत नाही, पण पाना धरायला दुसरा हात म्हणून आम्ही गेलो.

उजव्या बाजूच्या चाकांचे नट दीड दिवसात सुटले. तेल घातले, पान्याला लोखंडी नळी जोडून तो लांब केला, जोर लावला, कुरकुरत का होईना पण ते फिरले. डाव्या बाजूला मात्र एकही नट ढिम्म हलेना. आम्ही तेच तेल वापरले, तोच पाना, तीच नळी, तीच दिशा आणि पहिल्याहून दुप्पट जोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक स्टड कटकन तुटला आणि नट पान्यासकट खाली पडला. मुलगा हताश होऊन बसला. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला :

'उलटा फिरव रे. डाव्या अंगाचे आटे उलटे असतात.'

तो धाकट्याचा आवाज होता. चोवीस वर्षांत त्या कुंपणावरून या बाजूला आलेला तो पहिलाच शब्द असावा.

त्याचे म्हणणे खरे होते. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून त्या काळच्या विलीज गाड्यांच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड बसवलेले असत. स्टडच्या टोकावर 'एल' हे अक्षरही कोरलेले असे, पण आमच्या स्टडवर ते गंजाच्या थराखाली बुजून गेले होते. धाकट्याला ते अक्षर पाहावे लागले नाही. लहानपणी वडिलांबरोबर चाक बदलायला तोच बसत असे. म्हणजे आम्ही दोन दिवस घाम गाळून जे नट सोडवत होतो, ते प्रत्यक्षात आवळत होतो. जितका जोर अधिक, तितकी पकड अधिक.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. २००४ सालचा तो नाताळचा आठवडा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होता. काही दिवसांनी धाकट्याने स्वतःच जे सांगितले, त्याने तर आमची मान खाली गेली. वडील शेवटच्या दुखण्यात असताना तो कुवेतला नोकरीवर होता. आजार गंभीर असल्याचे त्याला कळवले गेले नाही. कळवले गेले ते थेट मृत्यूचे. त्याचे दुःख जमिनीचे नव्हतेच. वडिलांच्या उशाशी आपली जागा नाही असे घराने ठरवले, हा त्याच्या मनातला काटा होता. कोर्टातला दावा हे त्याचे केवळ बाहेर दिसणारे टोक. आणि आम्ही त्याला देऊ केले काय, तर दोन गुंठे जास्त जमीन! प्रत्येक वाढीव गुंठ्याबरोबर त्याला हेच ऐकू येत होते, की सगळे आपल्याला लोभी समजतात. आम्ही उलट्या आट्यांचा नट सुलट्या दिशेने फिरवत होतो.

यातून पहिली गोष्ट आम्ही शिकलो ती ही, की बळ वाईट की चांगले, हा प्रश्न त्याआधीच्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय विचारताच येत नाही. तो आधीचा प्रश्न असा : हे घट्ट बसले आहे ते कोणत्या दिशेने? माणसे सगळी एका साच्याची नसतात. कुणी अपमानाने आवळला जातो, कुणी भीतीने, कुणी स्वतःच्याच अपराधाच्या जाणिवेने. ज्याला अपराध बोचतो आहे, त्याला आपण उपदेश केला तर तो अधिकच मिटतो. ज्याला भीती वाटते आहे, त्याला धमकावले तर तो दार लावून घेतो. शुद्ध हेतू हा अज्ञानावरचा इलाज होऊ शकत नाही. उलट हेतू शुद्ध असला, की माणूस अधिक निर्धास्तपणे चुकीच्या दिशेने जोर लावतो, हा आमचाच अनुभव आहे. म्हणून परोपकाराच्या प्रत्येक कृतीआधी ऐकून घेणे, हे नीतीच्या दृष्टीने बंधनकारक आहे, असे आम्हाला आता वाटते. तो केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हे.

त्यानंतर मुलाने एका वयोवृद्ध मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडले, हँडल घालून इंजिन फिरवून पाहिले. ते रेसभरही हलले नाही. आम्ही विचारले, 'मेले का हो इंजिन?' ते म्हणाले, 'मास्तर, जाम झालेले मोडलेले नसते. मोडलेले सैल असते, खुळखुळते. हे तर धरून बसलेय.'

या वाक्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. लोखंड गंजते ते पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगाने, आणि हवेत मीठ असले तर अधिक वेगाने. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. पिस्टनची कडी आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तीत गंज फुगतो आणि दोन धातू एकजीव झाल्यासारखे बसतात. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चालत्या इंजिनात हे सहसा घडत नाही. तिथे तेल फिरत असते, भाग एकमेकांना पुसत असतात. गाडी झिजते ती चालण्याने, पण जाम होते ती उभी राहिल्याने. भांडणाऱ्या घराची आपल्याला फार काळजी वाटते. परंतु जिथे रोज दोन शब्दांची चकमक होते, तिथे निदान काहीतरी हलते आहे. खरी काळजी वाटावी ती ज्या घरात आवाजच नाही त्याची. मूळ घाव लहान असतो, पण अबोल्याच्या वर्षांत तो फुगतो आणि मूळच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तरीही तेवढ्याने नाते मेले असे म्हणता येत नाही. जे घट्ट धरून बसले आहे, त्यात धरून ठेवण्याची शक्ती अजून शिल्लक आहे. प्रेम पूर्ण आटले असते, तर चोवीस वर्षे राग तरी कशाला टिकला असता?

मिस्त्रींची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. त्यांनी चारही स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व तेल यांचे थोडे थोडे मिश्रण ओतून ठेवले. मग रोज सकाळी येऊन ते पातळी पाहायचे, जिरले असेल तेवढे पुन्हा ओतायचे आणि निघून जायचे. ब्रेकचे ड्रम आतल्या पट्ट्यांना चिकटले होते. त्यांच्या कडेवर ते लहान हातोडीने हलके हलके ठोके देत, एकाच जागी नव्हे, तर गोलाकार फिरत. एखादा बोल्ट हटून बसलाच, तर तो सोडवण्याआधी ते तो किंचित आवळत. आम्हाला नवल वाटले. ते म्हणाले, 'आधी त्याची पकड मोडायची. दिशा नंतर.' मग पाव फेरा मागे, अर्धा पुढे, पुन्हा तेल. सायलेन्सरच्या जोडाजवळचा एक बोल्ट त्यांनी गॅसच्या ज्योतीने तापवला आणि त्याच्या मुळाशी साधी मेणबत्ती टेकवली. वितळलेले मेण फटीतून आपसूक आत ओढले गेले आणि बोल्ट निवल्यावर थोड्याच जोराने फिरला. वेदीवर जळणारी मेणबत्ती आम्ही जन्मभर पाहिली होती. ती अशीही उपयोगी पडते, हे ठाऊक नव्हते.

धीर म्हणजे स्वस्थ बसणे, हा आमचा समज त्या दिवसांत पुसला गेला. गाडी चोवीस वर्षे उभी होती, तेव्हाही काळ जात होताच. त्या काळाने गंज वाढवला, कमी केला नाही. नुसता काळ काहीही बरे करत नाही. मिस्त्रींच्या बारा दिवसांनी जे केले ते चोवीस वर्षांना जमले नाही, कारण त्या बारा दिवसांतला प्रत्येक दिवस कुणाच्या तरी हाताने भरलेला होता. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाचा विचार करताना, चढाई करण्यापेक्षा टिकून राहणे हे धैर्याचे अधिक मुख्य कार्य मानले आहे, आणि सहनशीलतेला त्यांनी धैर्याच्याच कुळात जागा दिली आहे. चढाईत आवेशाचा आधार असतो. टिकून राहणाऱ्याला तो नसतो, त्याला रोज नव्याने उभे राहावे लागते. लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आपल्या बागायतदार वाचकांना सांगायला नको. मालक तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने एका वर्षाची मुदत मागितली. पण त्या वर्षात तो स्वस्थ बसणार नव्हता, आळे खणणार होता, खत घालणार होता. आणि मुदत वर्षाचीच होती, हेही विसरून चालणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. धीराचा उपदेश पुष्कळदा दुबळ्यालाच केला जातो. मारहाण सोसणाऱ्या सुनेला 'थोडे सोस, दिवस पालटतील' असे सांगणारे आपल्यात कमी नाहीत. अशा वेळी धीर हा अन्यायाचा साथीदार होतो. प्रभू येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले, हेही शुभवर्तमानातच आहे. तेव्हा बळाला जागाच नाही, असे आम्हाला म्हणायचे नाही. गाडीच्या बाबतीतही शेवटी तीन नट असे निघाले, की तेल, ठोके, ज्योत, मेण, काहीही चालेना. मिस्त्रींनी छिन्नी घेतली आणि ते सरळ फोडले. मात्र त्याआधी त्यांनी आम्हाला एक नियम सांगितला : 'स्वस्तातले तोडायचे, महागातले वाचवायचे. नट बाजारात मिळतो. स्टड मुश्किलीने मिळतो. इंजिनाचा ब्लॉक मिळतच नाही.'

बळाच्या नीतीची याहून सोपी कसोटी आम्हाला सापडलेली नाही. काय स्वस्त आणि काय महाग, हे आधी ठरवावे. माणूस महाग. त्याचा देह, त्याचा आत्मसन्मान, लेकरांची सुरक्षितता, हे महाग. घराची अब्रू, लोकांत होणारी चर्चा, 'आमच्या घरात असे होत नाही' हा डौल, हे सारे स्वस्त. मार खाणाऱ्या सुनेसाठी हा डौल छिन्नीने फोडावाच लागतो, आणि तिथे उशीर करणे हे पाप आहे. पण दोन भावांच्या अबोल्यात स्वस्त काय होते? 'माझेच बरोबर होते' हा हट्ट. तो एका नटासारखा होता. दोघांनीही तो जपण्यासाठी ब्लॉक गंजू दिला होता. आणि आमच्यापुरते सांगायचे, तर 'समेट आम्हीच घडवून आणला' हे म्हणायची हौस, हाही एक स्वस्तातलाच नट होता. तो आम्ही आमच्या हाताने फोडायला हवा होता.

बाराव्या दिवशी चाके मोकळी झाली होती. मिस्त्री म्हणाले, 'आता हँडलवर जोर नको, कडी तुटेल. गाडी वरच्या गिअरात टाकू आणि धक्क्याने हलवू. वीतभर पुढे, वीतभर मागे. ओढायची नाही, डोलवायची.' त्यासाठी चार माणसे हवी होती. मिस्त्री स्टिअरिंगशी. उरलो तो मुलगा, थोरला आणि आम्ही. कुणी कुणाला बोलावले नाही. धाकटा कुंपणाच्या फाटकातून आत आला आणि मागच्या दाराच्या डाव्या कोपऱ्याला त्याने खांदा लावला. उजव्या कोपऱ्याला थोरला होता. पहिल्या दहा-बारा धक्क्यांना काही झाले नाही. मग आतून एक बारीक करकर ऐकू आली. मिस्त्रींनी हात वर केला. 'हलले. थांबा. आता पुरे. आज एवढेच.' आम्हाला वाटत होते, की लगेच पूर्ण फेरा करावा. त्यांनी करू दिला नाही. पुन्हा तेल ओतले आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही दोघे आले. पूर्ण फेरा त्या दिवशी झाला. इंजिन प्रत्यक्ष सुरू व्हायला पुढे बरेच महिने लागले. ब्रेकचे सिलिंडर बदलावे लागले, तेलाची टाकी खरवडावी लागली. कागदांवर धाकट्याने सही केली. थोरल्याने कुवेतला वेळेवर का कळवले नाही, हे त्याने भावाला एकट्याला सांगितले. ते काय होते ते आम्ही विचारले नाही आणि विचारणारही नाही. वाचकहो, सगळे गोड झाले असे सांगण्याचा मोह आम्हाला होतो, पण ते खरे होणार नाही. कोर्टातला दावा मागे घेतला गेला, परंतु कुंपण आहे तिथेच आहे. धाकटा भावाच्या घरी जेवायला अजून बसलेला नाही. मात्र फाटकाला आता कडी नसते.

मिस्त्री निघताना मुलाला बजावून गेले, 'सुटले म्हणून तसेच सोडू नका. आठवड्यातून एकदा सुरू करा, चार पावले फिरवा. नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा होते तसे.' म्हणून दर रविवारी मिस्सानंतर गाडी पडवीतून निघते, आळीच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. पुढे मुलगा बसतो. शेजारी कधी थोरला असतो, कधी धाकटा. परवाच्या रविवारी दोघेही होते. बोलत होते की नाही, ते आम्हाला रस्त्यावरून दिसले नाही.